ऑफिसची फोन सिस्टीम: वेळापत्रकानुसार कॉल वळवताना नेमकं कुठे चुकतंय?

खिडकी_क्रमांक_एक

नमस्कार मंडळी,

अ‍ॅस्टरिस्कवर चालणारी फ्रीपीबीएक्स आहे (पहिलं ऑफिसचं एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर, दुसरी त्याची वेबवरची मांडणी). एक सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी बाहेरची लाइन), दोन डीआयडी (बाहेरून थेट लागणारे नंबर). पहिल्या नंबरवर ऑफिस, दुसऱ्यावर मदतकक्ष. वेळा अशा:

ऑफिस सोमवार ते शुक्रवार ९:३० ते १८:००, मधे १३:३० ते १४:०० जेवणाची सुट्टी. शनिवारी १३:३० पर्यंत, पण दुसरा आणि चौथा शनिवार बंद. वर्षअखेरीस २५ डिसेंबर ते २ जानेवारी बंद. मदतकक्षाची रात्रपाळी सोमवार ते शुक्रवार रात्री २२:०० ते सकाळी ६:००, त्या वेळात कॉल दोन मोबाइलवर जायला हवेत.

'बंद' नावाचा एक टाइम ग्रुप (वेळांच्या ओळींची यादी) केला आणि त्यात ओळी टाकल्या: एका ओळीत शनिवार, पुढच्या ओळीत तारीख ८ ते १४, मग २२ ते २८, मग महिना डिसेंबर ते जानेवारी आणि तारीख २५ ते २. रात्रपाळीसाठी वेगळा ग्रुप, त्यात एकच ओळ: सोमवार ते शुक्रवार, २२:०० ते ६:००.

लक्षणं:
१) ८ ते १४ तारखेला आठवडाभर रोज 'ऑफिस बंद आहे' ऐकू येतं.
२) १ डिसेंबरलाही तेच.
३) शनिवारी पहाटेचे मदतकक्षाचे कॉल मोबाइलवर जात नाहीत. उलट सोमवारी पहाटे, पाळीवर कुणी नसताना, जातात.
४) बरोबर दोन वाजता आलेल्या कॉलला अजून जेवणाच्या सुट्टीचीच घोषणा लागते.

शिवाय एक मूळ प्रश्न. हे सगळं घड्याळावर सोडावं, की रिसेप्शनच्या फोनवर दिवस-रात्र असं बटण ठेवावं?

---

तारजोडणी

पहिल्या लक्षणाचं मूळ ओळींच्या मांडणीत आहे. टाइम ग्रुपमधल्या दोन वेगळ्या ओळींचं नातं 'किंवा' असं असतं, आणि एकाच ओळीतल्या वेळ, वार, तारीख, महिना या चार रकान्यांचं नातं 'आणि' असं. तुम्ही 'शनिवार' एका ओळीत आणि '८ ते १४' दुसऱ्या ओळीत लिहिलंत. सिस्टीमने त्याचा अर्थ लावला, शनिवार असेल किंवा तारीख ८ ते १४ असेल तर बंद. तिने सांगितल्याप्रमाणेच केलं.

दोन्ही एकाच ओळीत आणा: वार शनिवार, तारीख ८ ते १४. महिन्याचा दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ मध्येच पडतो, चौथा २२ ते २८ मध्ये. त्यामुळे दोन ओळी पुरतात आणि दर वर्षी हात लावावा लागत नाही. पहिला १ ते ७, तिसरा १५ ते २१ आणि पाचवा असलाच तर २९ ते ३१, हा हिशेब कुठल्याही वाराला लागू.

---

मध्यरात्र

@तारजोडणी, अगदी बरोबर. यात एक भर. लिनक्सच्या क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) आलेल्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण क्रॉनमध्ये महिन्याची तारीख आणि वार दोन्ही दिले की त्यांचं नातं 'किंवा' होतं. अ‍ॅस्टरिस्कच्या गोटूइफटाइममध्ये (वेळ तपासून कॉल वळवणारी आज्ञा) ते 'आणि' आहे. दुसऱ्या शनिवारची ओळ जशीच्या तशी क्रॉनमध्ये नेली, तर काम दर शनिवारी आणि शिवाय ८ ते १४ रोज चालेल. क्रॉनमध्ये ८ ते १४ तारखा देऊन वाराची तपासणी स्क्रिप्टच्या आत करावी लागते.

आता तिसरं लक्षण. २२:०० ते ६:०० ही मध्यरात्र ओलांडणारी वेळ अ‍ॅस्टरिस्कला चालते, तो ती गोल फिरवून घेतो. पण वार मात्र कॉल आला त्या क्षणाचा बघतो, पाळी सुरू झाली तेव्हाचा नाही. त्यामुळे 'सोमवार ते शुक्रवार, २२:०० ते ६:००' म्हणजे त्याच्या लेखी या पाच वारांची पहाट आणि याच पाच वारांची रात्र. सोमवारची पहाट खरी रविवारच्या रात्रीची, ती फुकट आत आली. शुक्रवारच्या रात्रीची पहाट उजाडते शनिवारी, ती बाहेर राहिली.

दोन ओळी करा:
सोमवार ते शुक्रवार, २२:०० ते २३:५९
मंगळवार ते शनिवार, ००:०० ते ०५:५९

मध्यरात्र ओलांडणारी कुठलीही वेळ वारासोबत लिहायची असेल, तर ती मध्यरात्रीवर तोडलीच पाहिजे.

---

सुटसुटीत

चौथ्या लक्षणाचं उत्तर वरच्या ०५:५९ मध्येच आहे. शेवटचं मिनिट धरून मोजलं जातं. १४:०० लिहिलं की १४:००:५९ पर्यंत सुट्टी. १३:५९ लिहा. संध्याकाळी १७:५९.

---

पंचांगवाला

वर्षअखेरीबद्दल. महिना आणि तारीख हे दोन स्वतंत्र रकाने आहेत. 'डिसेंबर ते जानेवारी' आणि '२५ ते २' असं लिहिलं की सिस्टीम तारखांची यादी करते: २५ ते ३१, मग १ आणि २. ही यादी डिसेंबरला लागू आणि जानेवारीलाही. म्हणजे १ आणि २ डिसेंबरला बंद, आणि २५ ते ३१ जानेवारीलाही बंद! जानेवारीतलं अजून तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, पण तेही होणारच.

उपाय तोच, तोडणं. डिसेंबर २५ ते ३१ एक ओळ, जानेवारी १ ते २ दुसरी. महिना ओलांडणारी प्रत्येक सुट्टी दोन ओळींत.

आणि सुट्ट्या 'बंद शनिवार' वाल्या ग्रुपमध्ये मिसळू नका. ज्या सुट्ट्यांची तारीख दर वर्षी तीच, त्यांचा एक ग्रुप. ज्यांची तारीख वर्षागणिक बदलते, त्यांचा वेगळा ग्रुप, नावातच वर्ष घालून. टाइम ग्रुपच्या ओळीत वर्षाचा रकानाच नसतो. गेल्या वर्षीची सरकती सुट्टी काढायची राहिली तर यंदा त्याच तारखेला भर कामाच्या दिवशी फोन बंद लागतो. नावात वर्ष दिसलं की जानेवारीत जुना ग्रुप नजरेत येतो.

---

निळी_शाई

सरकत्या सुट्ट्यांसाठी फ्रीपीबीएक्स १४ पासून कॅलेंडर मॉड्यूल आहे. टाइम कंडिशनला (वेळ तपासून कॉल दोनपैकी एका वाटेने पाठवणारी अट) टाइम ग्रुपऐवजी कॅलेंडर जोडता येतं आणि बाहेरचं आयकॅल (सगळीकडे चालणाऱ्या फाइलस्वरूपातलं) कॅलेंडरही घेता येतं. यात तारखेसोबत वर्ष असतं, त्यामुळे वरची अडचण मिटते.

पण आयकॅल फाइल हाताने किंवा स्क्रिप्टने बनवत असाल तर एक नियम पक्का लक्षात ठेवा. पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही. २५ तारखेची एक दिवसाची सुट्टी म्हणजे सुरुवात २५, शेवट २६. टाइम ग्रुपमध्ये शेवटचं मिनिट धरतात, इथे शेवटचा दिवस सोडतात. दोन्हीकडे एकच सवय लावली की एकीकडे चूक होणार. सुट्ट्यांचा शेवटचा दिवस म्हणूनच मुद्दाम तपासून बघा.

---

ध्रुवतारा

या सगळ्याच्या आधी सर्व्हरचं घड्याळ बघा. टाइम ग्रुपच्या पानावर सर्व्हरची वेळ दिसते, ती हातातल्या घड्याळाशी जुळवा. काही तासांचा नेमका फरक दिसला तर टाइमझोन चुकलाय. काही मिनिटांचा असेल तर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) बंद आहे किंवा फायरवॉलने यूडीपी १२३ पोर्ट अडवलाय. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉटवरून उठवल्यावर घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं.

टाइमझोन बदलल्यावर अ‍ॅस्टरिस्क पुन्हा सुरू करा, नुसतं रीलोड नको. प्रक्रिया जुना झोन धरून बसलेली असते. आणि वेबपानाचा पीएचपी झोन वेगळा ठेवलेला असेल, तर पानावर एक वेळ दिसते आणि कॉल दुसऱ्याच वेळेने वळतात. मग टाइम ग्रुप पन्नासदा तपासला तरी त्यात चूक सापडत नाही.

---

चारखणी

विषय फ्रीपीबीएक्सचा आहे, पण पॅनासॉनिकच्या ऑफिस एक्सचेंजमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सोडवली आहे. ती समजली की रचना डोक्यात नीट बसते.

तिथे 'टाइम सर्व्हिस' असते आणि सिस्टीम कुठल्याही क्षणी चारपैकी एका मोडमध्ये असते: दिवस, जेवण, विश्रांती, रात्र. आठवड्याच्या तक्त्यात कुठल्या वारी किती वाजता कुठला मोड लागेल ते भरायचं, आणि सुट्ट्यांचा तक्ता वेगळा. मग प्रत्येक बाहेरच्या लाइनला या चार मोडसाठी चार मुक्काम द्यायचे. बाहेर कॉल लावायची परवानगीसुद्धा याच मोडनुसार बदलते, रात्रीसाठी कडक पातळी लावता येते.

म्हणजे आधी 'आत्ता कुठला मोड' हे एकदाच ठरतं आणि सगळे त्या उत्तरावर चालतात. अ‍ॅस्टरिस्कमध्ये प्रत्येक कॉल वाटेतल्या प्रत्येक अटीला स्वतंत्रपणे विचारत जातो. त्यामुळे अटींचा क्रम फार महत्त्वाचा. चार मोडची शिस्त फ्रीपीबीएक्समध्येही पाळावी असं मला वाटतं. दोन डीआयडींसाठी एकाच अर्थाचे दोन-दोन टाइम ग्रुप करू नका. ग्रुप एक, त्याला विचारणाऱ्या कंडिशन हव्या तेवढ्या.

---

तारजोडणी

@चारखणी, हा मुद्दा महत्त्वाचा. क्रमाबद्दल: जे सगळ्यात क्वचित घडतं आणि सगळ्यात जास्त अधिकाराचं आहे, ते सगळ्यात आधी विचारा.

इनबाउंड रूट (येणाऱ्या कॉलची वाट), मग हाताने बंद करायचं बटण, मग सुट्ट्या, मग बंद शनिवार, मग जेवण, मग कामाची वेळ. यापैकी काहीच लागू नाही तर रात्र.

'रात्र' ही अट म्हणून लिहूच नका, जे उरलं ते रात्र. ती अट म्हणून लिहिली की दोन अटींच्या मधे कुठेतरी एखादं मिनिट मोकळं राहतं आणि त्या मिनिटातला कॉल नुसताच तुटतो.

---

पितळी_घंटा

बटणाच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही. माझं मत स्पष्ट आहे: घड्याळ नको, बटण हवं. ऑफिस कधी उघडं आहे हे घड्याळाला कळत नाही, आत बसलेल्या माणसाला कळतं. पाऊस, वीज, अचानक सुट्टी, उशिरापर्यंत चाललेलं काम, यातलं काहीही तक्त्यात बसत नाही. कॉल फ्लो कंट्रोल (हाताने दिवस-रात्र बदलणारं बटण) लावा. *२८ आणि पुढे त्याचा क्रमांक, म्हणजे शून्य क्रमांकाचा असेल तर *२८०. दिवा लागलेला म्हणजे रात्र, विझलेला म्हणजे दिवस. एवढं पुरे.

---

मध्यरात्र

@पितळी_घंटा, अजिबात सहमत नाही. बटणाची खरी अडचण विसरण्याची आहे. संध्याकाळी दाबायला विसरलं तर रात्रभर रिकाम्या खोलीत फोन वाजत राहतो. सकाळी विसरलं तर भर कामाच्या वेळेत ग्राहकाला 'बंद' ऐकू येतं, आणि हे आतल्यांना कळतसुद्धा नाही, कारण फोन वाजतच नाही. कॉल फ्लोची स्थिती डेटाबेसमध्ये लिहिलेली असते. सर्व्हर पुन्हा सुरू केला तरी ती तशीच राहते, आपोआप काही सुटत नाही.

---

निळी_शाई

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. यातला मधला मार्ग टाइम कंडिशनमध्येच आहे: ओव्हरराइड, म्हणजे घड्याळावर हाताने मात.

टाइम कंडिशनला *२७ आणि तिचा क्रमांक असा कोड मिळतो, पहिलीला *२७१. ओव्हरराइड दोन प्रकारचा असतो, तात्पुरता आणि कायमचा. तात्पुरता हवा. चार वाजता ऑफिस बंद करायचं झालं तर कोड फिरवा, कॉल लगेच रात्रीच्या वाटेने जातील. मग घड्याळाने ती अट जेव्हा एरवीही बदलली असती, तेव्हा ओव्हरराइड आपोआप गळून पडतो आणि दुसऱ्या सकाळी सगळं नेहमीसारखं. कायमचा ओव्हरराइड मात्र कुणी काढेपर्यंत बसून राहतो.

अवाया आयपी ऑफिस या दुसऱ्या एक्सचेंजमध्ये टाइम प्रोफाइलला हाच भेद चार पर्यायांत दिला आहे: पुढच्या ठरलेल्या बंद वेळेपर्यंत चालू, पुढच्या ठरलेल्या चालू वेळेपर्यंत बंद, कायम चालू, कायम बंद. पहिले दोन रोजच्या वापराचे. शेवटचे दोन ज्याच्याकडे सिस्टीमची जबाबदारी आहे त्याच्याच हातात असावेत.

---

पितळी_घंटा

आपोआप सुटणारा ओव्हरराइड असेल तर माझा आक्षेप उरत नाही. मला एवढंच हवं होतं की माणसाचा शब्द घड्याळाच्या वरचा असावा.

पण मग कॉल फ्लोही ठेवाच, वेगळ्या कामासाठी. आग, पूर, इमारत रिकामी करणं, अशा वेळी सगळे डीआयडी एकाच बटणाने एका घोषणेकडे वळले पाहिजेत. ते आपोआप सुटता कामा नये. त्याला पासवर्ड घाला, म्हणजे चुकून दाबलं जाणार नाही.

---

रांगेत_उभा

बंद होण्याच्या वेळी क्यूमध्ये (कॉलच्या रांगेत) उभ्या असलेल्यांचं काय? टाइम कंडिशन कॉल तिथून जाताना एकदाच तपासते. १७:५८ ला क्यूमध्ये शिरलेला कॉल १८:०० नंतरही क्यूमध्येच राहतो. एजंट उठून गेले, तरी तो संगीत ऐकत बसतो.

तीन गोष्टी करता येतात. एक, क्यूकडे जाणाऱ्या कॉलसाठी कामाची वेळ दहा-पंधरा मिनिटं आधी संपवा. दोन, 'लीव्ह एम्प्टी' कडक ठेवा, म्हणजे एजंट उरला नाही की कॉल क्यूमधून बाहेर पडतो. पण त्यासाठी एजंटने खरोखर लॉगआउट केलं पाहिजे. एजंट स्थिर सदस्य म्हणून घातलेले असतील आणि त्यांचे फोन टेबलावर रजिस्टर राहत असतील, तर सिस्टीमच्या लेखी ते हजरच असतात. तीन, जास्तीत जास्त थांबण्याची वेळ द्या आणि क्यूचा 'फेलओव्हर' (कॉल बाहेर पडल्यावरचा) मुक्काम थेट व्हॉइसमेलला न देता पुन्हा टाइम कंडिशनला द्या. मग बाहेर पडलेला कॉल त्या क्षणाच्या वेळेनुसार योग्य जागी जातो.

तिसरा उपाय सगळ्यात कामाचा आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. फक्त एक सांभाळा: दिवसा तो कॉल परत त्याच क्यूत शिरून गोल गोल फिरेल. म्हणून फेलओव्हरसाठी वेगळी टाइम कंडिशन करा, तिची दिवसाची बाजू ऑपरेटरकडे.

---

आवाजखोली

घोषणांबद्दल थोडं. रेकॉर्डिंग ८००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह ठेवा. स्टीरिओ किंवा ४४१०० हर्ट्झची फाइल तशीच टाकली तर वाजत नाही किंवा विचित्र वाजते.

'कार्यालय बं...' अशी पहिली अक्षरं कापली जात असतील, तर कॉल उचलल्यावर एक सेकंद थांबून मगच घोषणा सुरू करा. आवाजाची वाट दोन्हीकडून उघडायला तेवढा वेळ लागतो. कॉल न उचलताच घोषणा वाजवायची सोय आहे, पण वाटेतलं एखादं नेटवर्क तो आवाज पुढे पोचवतच नाही आणि समोरच्याला फक्त रिंग ऐकू येते. ऑफिस बंद असल्याची घोषणा नेहमी कॉल उचलूनच द्या.

घोषणेत तारीख बोलू नका. '३ तारखेला उघडेल' ही फाइल पुढच्या सुट्टीतही वाजते.

---

कुलूपकिल्ली

सगळे येणाऱ्या कॉलबद्दल बोलताहेत. जाणाऱ्या कॉललाही वेळ लावा. फोन सिस्टीम फोडून महागडे आंतरराष्ट्रीय कॉल लावणारे हमखास रात्री आणि लागून आलेल्या सुट्ट्यांत काम साधतात, कारण तेव्हा बघायला कुणी नसतं. फ्रीपीबीएक्समध्ये आउटबाउंड रूटला टाइम ग्रुप जोडता येतो. आंतरराष्ट्रीय रूटला फक्त कामाच्या वेळेचा ग्रुप लावा.

मात्र आणीबाणीच्या नंबरांचा रूट वेगळा, सगळ्यात वर, आणि त्याला कुठलाही टाइम ग्रुप नाही. यात तडजोड नको. रात्री दोन वाजता पहारेकऱ्याने रुग्णवाहिकेसाठी फोन उचलला आणि तक्त्यामुळे कॉल अडला, असं कधीही होता कामा नये. रूटचा क्रम बदलला की दर वेळी ही एक गोष्ट परत तपासा.

शिवाय वेळेबाहेर रूट बंद असला की कॉल खालच्या रूटला जुळतो का, तेही बघा. खाली एखादा 'काहीही चालेल' असा पॅटर्न (नंबरचा साचा) असेल तर आंतरराष्ट्रीय कॉल तिथून निघून जातो आणि वरचं कुलूप नावापुरतंच उरतं.

---

सप्तपदी

@कुलूपकिल्ली, सिस्को कॉलमॅनेजर या एक्सचेंजमध्ये हे काम पार्टिशनने (पॅटर्नचा गट) होतं. आधी टाइम पीरियड, त्यांचं टाइम शेड्यूल, ते शेड्यूल पार्टिशनला. शेड्यूलच्या बाहेर ती पार्टिशन जणू अस्तित्वातच नसते, तिच्यातले पॅटर्न दिसत नाहीत. ज्या पार्टिशनला शेड्यूल नाही ती सतत चालू. त्यामुळे आणीबाणीचे पॅटर्न बिनशेड्यूलच्या पार्टिशनमध्येच ठेवायचे. पार्टिशनचा टाइमझोन कॉल करणाऱ्या फोनचा धरायचा की ठरावीक एक, हेही तिथेच निवडतात. शाखा वेगवेगळ्या झोनमध्ये असतील तर ही निवड विसरू नका.

---

ध्रुवतारा

झोनचा विषय निघालाच आहे म्हणून. अ‍ॅस्टरिस्कच्या गोटूइफटाइमला वेळ, वार, तारीख, महिना यांच्या पुढे पाचवा रकाना टाइमझोनचा देता येतो. दुसऱ्या झोनमधल्या शाखेच्या वेळा तिच्याच झोनमध्ये लिहा, मनात तास वजा करून लिहू नका. जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे वर्षातून दोनदा तो हिशेब चुकतो.

त्याच कारणाने रात्रीची ठरलेली कामं मध्यरात्रीनंतर एक ते तीनच्या मधे लावू नका. घड्याळ बदलण्याच्या रात्री त्यातला एक तास बहुतेक ठिकाणी येतच नाही किंवा दोनदा येतो.

---

गिरणीचा_भोंगा

जरा बाजूचा प्रश्न. याच सिस्टीममधून ठरलेल्या वेळी फोन वाजवता येतो का? पाळी बदलताना सूचना, किंवा सकाळी उठवण्याचा कॉल?

---

तारजोडणी

@गिरणीचा_भोंगा, येतो. अ‍ॅस्टरिस्कमध्ये 'कॉल फाइल' असते: कुणाला लावायचा, उचलल्यावर डायलप्लॅनमध्ये (कॉलच्या वाटांचा आराखडा) कुठे जायचं, एवढं लिहिलेली साधी मजकूर फाइल. ती स्पूलच्या आउटगोइंग फोल्डरमध्ये टाकली की कॉल लागतो. फाइलची 'शेवटचा बदल' वेळ भविष्यातली असेल, तर अ‍ॅस्टरिस्क त्या वेळेपर्यंत थांबतो. टच कमांडने ती वेळ ठरवता येते.

फाइल थेट त्या फोल्डरमध्ये लिहू नका आणि कॉपीही करू नका. अर्धी लिहिलेली असतानाच तो ती उचलतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहा, वेळ लावा, मालकी अ‍ॅस्टरिस्क वापरकर्त्याला द्या आणि मग हलवा. दोन्ही फोल्डर एकाच फाइलसिस्टीमवर हवेत, नाहीतर 'हलवणं' म्हणजे आतून कॉपीच होतं.

न उचलल्यास पुन्हा प्रयत्नांमधलं अंतर, काही लिहिलं नाही तर, ३०० सेकंद असतं आणि रिंग ४५ सेकंद. उठवण्याच्या कॉलला पाच मिनिटांचं अंतर ठीक आहे. पाळीच्या सूचनेला मात्र ते कमी करा, नाहीतर दुसरा प्रयत्न होईतो पाळी सुरू झालेली असते.

---

आवाजखोली

पाळीची सूचना खूप फोनवर एकदम द्यायची असेल तर प्रत्येकाला वेगळा कॉल नको, मल्टिकास्ट पेजिंग वापरा. सर्व्हर एकच आवाजप्रवाह पाठवतो, सगळे फोन तो ऐकतात. फोनमध्ये मल्टिकास्टचा पत्ता आणि पोर्ट भरावा लागतो.

बिघाड ठरलेला: सुरू केल्यावर चालतं आणि चार-पाच मिनिटांनी फोन गप्प होतात. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कुठल्या पोर्टला प्रवाह हवा ते बघून तिथेच पाठवणं) चालू असतं पण नेटवर्कमध्ये क्वेरियर (सदस्यत्व पुन्हा पुन्हा विचारणारा) नसतो. फोनचं सदस्यत्व नव्याने कुणी विचारत नाही, आणि साधारण २६० सेकंदांनी स्विच त्याला यादीतून काढतो. एका स्विचवर क्वेरियर चालू करा. स्नूपिंग बंद करूनही चालतं, पण मग तो प्रवाह प्रत्येक पोर्टवर जातो.

---

सुटसुटीत

रात्रीच्या कामांत अजून एक. ठरलेल्या वेळी अ‍ॅस्टरिस्क पुन्हा सुरू करायचा असेल तर 'नाऊ' वापरू नका, चालू कॉल तुटतात. 'ग्रेसफुली' नवे कॉल घेणं बंद करतो आणि चालू कॉल संपायची वाट बघतो, म्हणजे तोवर येणारे कॉल परत जातात. 'व्हेन कन्व्हीनियंट' नवे कॉलही घेत राहतो आणि लाइन पूर्ण रिकामी झाली की मगच पुन्हा सुरू होतो. चोवीस तास चालणाऱ्या मदतकक्षाला तिसराच.

---

पंचांगवाला

आणि हे सगळं तपासायचं कसं? डिसेंबर यायची वाट बघू नका, आणि सर्व्हरचं घड्याळ पुढे करून तर कधीच तपासू नका. कॉलच्या नोंदी, व्हॉइसमेलच्या वेळा, बॅकअप, सगळ्याचा विचका होतो.

अ‍ॅस्टरिस्कमध्ये टेस्टटाइम नावाचं फंक्शन आहे. चाचणीच्या एक्स्टेन्शनवर त्याला तारीख आणि वेळ द्या आणि पुढे कॉल खऱ्या अटींकडे सोडा. फक्त त्या एका कॉलपुरती गोटूइफटाइम ती खोटी वेळ धरतो, बाकी सिस्टीमला काही कळत नाही. कन्सोलवर व्हर्बोज (नोंदींच्या तपशिलाची पातळी) ३ ठेवलं की कॉल कुठून कुठे गेला ते ओळीओळीने दिसतं.

वेळा कडेच्या घ्या: ९:२९ आणि ९:३०, १३:५९ आणि १४:००, १७:५९ आणि १८:००. शुक्रवार रात्र आणि शनिवार पहाट. दुसरा, तिसरा आणि पाचवा शनिवार. १ डिसेंबर, २४ डिसेंबर, २ आणि ३ जानेवारी, २५ जानेवारी. मधल्या वेळा सहसा बरोबरच असतात, चूक कडेला लपते.

---

खिडकी_क्रमांक_एक

सगळ्यांचे मनापासून आभार. आता रचना अशी झाली आहे:

आणीबाणीचा कॉल फ्लो, पासवर्डसह. मग सुट्ट्या: डिसेंबर २५ ते ३१, जानेवारी १ ते २. मग बंद शनिवार: शनिवार आणि ८ ते १४, शनिवार आणि २२ ते २८. मग जेवण: सोमवार ते शुक्रवार १३:३० ते १३:५९. मग काम: सोमवार ते शुक्रवार ९:३० ते १७:५९, शनिवार ९:३० ते १३:२९. उरलं ते रात्र. मदतकक्षाची पाळी दोन ओळींत तोडली. टेस्टटाइमने पंचांगवाल्यांच्या सगळ्या तारखा तपासल्या, बरोबर येताहेत.

एकच राहिलं. कामाच्या वेळेच्या अटीचा ओव्हरराइड *२७४ रिसेप्शनच्या फोनवर बीएलएफ (दिव्याने स्थिती दाखवणारं) बटण म्हणून लावला. दाबलं की कॉल वळतात, पण दिवा बदलत नाही.

---

निळी_शाई

कन्सोलवर 'कोअर शो हिंट्स' द्या आणि *२७४ ची ओळ शोधा. ओळीच्या शेवटी वॉचर्सचा (ती स्थिती बघणाऱ्या फोनांचा) आकडा असतो. तो शून्य असेल तर फोनने सदस्यत्वच घेतलेलं नाही. बटणाचा प्रकार स्पीड डायल राहिलाय का ते बघा, तो बीएलएफ हवा, आणि किमतीत ताऱ्यासकट पूर्ण *२७४ हवं.

वॉचर्स एक असून कोड दाबल्यावर ओळीतली स्थिती बदलत असेल, तर चूक फोनकडे आहे. स्थिती दाबल्यावर बदलते पण घड्याळाने अट बदलली की बदलत नाही, असं असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये टाइम कंडिशनचं मेंटेनन्स पोलिंग (ठरावीक अंतराने स्थिती तपासणं) बंद असणार. ते चालू करा, अंतर ६० सेकंद ठेवा. दिवा बदलायला मिनिटभर उशीर झाला तरी कॉल वेळेवरच वळतात, ते त्या पोलिंगवर अवलंबून नाहीत.

---

खिडकी_क्रमांक_एक

वॉचर्स शून्यच होते. बटण स्पीड डायल म्हणून लावलेलं होतं. बीएलएफ करून फोन पुन्हा सुरू केला, दिवा आता बरोबर लागतोय.